डहाणूच्या किनाऱ्यावर जानकीची झोप

चारोटीच्या नाक्यावर आम्ही चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ दाराच्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि बोटाने डाव्या डोळ्याची पापणी वर उचलून त्यांनी मला डोळा दाखवला.

"पाणी गळते," ते म्हणाले. "दिवाळीपासून गळते."

त्यांच्या मागे आणखी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.  मग लक्षात आलं, की पांढरी, पडदे लावलेली, दाराला लोखंडी पायरी असलेली गाडी म्हणजे तपासणीची गाडी, असं त्यांना वाटलं होतं.

"आजोबा, ही दवाखान्याची गाडी नाही हो. आमचं घर आहे हे."

आजोबांनी आत डोकावून पाहिलं. पलंग, शेगडी, दोरीवर वाळत घातलेला माझा टॉवेल. "घर हाय," त्यांनी मागच्या बायकांना सांगितलं आणि मग मला काळजीने विचारलं, "मग तुमचा गावातला घर पडला काय?"

हा प्रश्न त्या दिवसांत त्या भागात अगदी साधा होता. २०१९ साल नुकतंच लागलं होतं. आदल्या पावसाळ्यानंतर डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली होती, ती थांबायचं नाव घेत नव्हती. धक्के छोटे, पण रोजचे. भिंतींना तडे गेलेले, आणि ऐन थंडीत लोक घर सोडून अंगणात झोपत होते. आम्ही नाशिककर हे पेपरात वाचत होतो. आमच्या मुलाने तर फोनवर बजावलंही होतं, "आई, तिकडे कुठे जाताय? गोव्याला जा ना."

पण गोव्याला माझं कोणी नाही. डहाणूकडे आहे.

माझे यजमान माधवराव सरकारी खात्यात गाड्यांच्या देखभालीवर होते. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, यांनी एक जुना टेम्पो घेतला. वर्षभर त्याच्यात आडवा पलंग बसव, पलंगाखाली पाण्याची टाकी बसव, खिडक्यांना जाळ्या बसव, असं चाललं होतं. आत चप्पल घालून जायला मलाही बंदी. समुद्राच्या काठाकाठाने डहाणू, तिथून दमण, मग जमेल तितकं गुजरातेत वर, असा त्यांचा बेत होता. सकाळी दार उघडलं की समोर समुद्र दिसला पाहिजे, एवढीच या माणसाची आयुष्यातली चैन. माझा बेत त्याहून लहान होता. मला भानूला आणि जानकीला भेटायचं होतं.

लग्नाआधी मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर शाळेत शिक्षिका होते. माझ्याबरोबर दुसरी शिक्षिका होती भानुमती, चिंचणीच्या मच्छीमार घरातली. आम्ही दोघी ज्या घराच्या पडवीत भाड्याने राहायचो, त्या घरात जानकी नवी नवरी म्हणून आली होती. तिघी एका वयाच्या. दोघी अक्षरं शिकवणाऱ्या, आणि एक आम्हाला चूल पेटवायला, रानातली भाजी ओळखायला आणि साप दिसला की न ओरडायला शिकवणारी. पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले. भानूची बदली झाली. तिघींची एकत्र भेट त्यानंतर झालीच नाही. मी लांब होते हे समजू शकतं, पण भानू आणि जानकी एकाच जिल्ह्यात, दीड तासाच्या अंतरावर राहून भेटल्या नव्हत्या. संसारात असं होतं. कोणाचं काही बिनसलेलं नसतं, आणि तरी वर्षं जातात.

चिंचणी

वाणगाववरून चिंचणीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावात शिरण्याआधीच सुक्या मासळीचा वास आला. आमच्याकडे द्राक्षांच्या हंगामात फवारणीचा वास येतो, त्याची सवय असलेल्या नाकाला हा वास पहिल्यांदा चुरचुरतो आणि तासाभराने जाणवेनासा होतो. किनाऱ्यालगत बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील टांगलेले होते, दोन-दोन जोडीने, एकमेकांच्या तोंडात अडकवलेले. मधूनमधून कावळ्यांना हाकलायला एखादी बाई हात वर करायची.

समुद्र दिसल्याबरोबर यजमानांचं भान सुटलं. त्यांनी गाडी रस्ता सोडून थेट पुळणीवर घेतली. दहा-बारा हात गेली आणि मागची चाकं वाळूत रुतली. जोर दिला तशी आणखी रुतली. ते खाली उतरून चाकांकडे पाहत कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सुमन! या गाडीत माणसं राहतात की मासळी?"

भानू. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, केस सगळे पांढरे, आवाज मात्र होता तसाच. तिने मला मिठी मारली नाही. माझे दोन्ही दंड धरले, मला जरा लांब करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बारीक झालीस. नाशिकला मासे मिळत नाहीत, दुसरं काय." मग माझ्या खांद्यावरून चाकांकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही आता हात लावू नका."

ती होड्यांकडे चालत गेली आणि सात-आठ जणांना घेऊन आली. त्यातले निम्मे तिचे विद्यार्थी. होडी ओढायचा दोर गाडीला बांधला गेला, चाकांखाली फळ्या सरकवल्या गेल्या. भानूने कवायतीच्या तासासारखी शिट्टी तेवढी वाजवली नाही. "एक, दोन, ओढ! रमेश, तू नुसता दोर धरून उभा आहेस, मला दिसतंय." चाळिशीतला रमेश लाजला आणि ओढायला लागला. गाडी बाहेर आली. यजमान सगळ्यांना चहा करायला आत गेले, तेव्हा त्यातला एक जण म्हणाला, "काका, समुद्राजवळ जायचं तर होडी बनवायची होती, गाडी कशाला?"

भानू एकटीच राहते. शेजारच्या घरात भाऊ-भावजय. रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं आंबट कालवण आणि तळलेली मांदेली होती. आमच्याकडे बाजरीची भाकरी कुस्करून खायची असते, इथे तांदळाची भाकरी इतकी पातळ की घडी घालून रश्शात बुडवायची. जेवताना मी जानकीचं विचारलं.

"तिच्या मुलाशी बोलले," भानू म्हणाली. "विलास नाव त्याचं. आई घरात पाऊल टाकत नाही म्हणाला. झोपत पण नाही म्हणाला."

"उद्या जाऊया तिघं."

भानूने ताटातला काटा बाजूला काढला. बराच वेळ काढत राहिली. "सुमन, खरं सांगू? मला भीती वाटते गं. इथेसुद्धा दोन-तीनदा भांडी वाजली, तर मी रात्रभर बाहेर बसून होते. पाण्याचं मला कळतं. भरती कधी, वारा कुठला, सगळं कळतं. जमिनीचं काय कळतंय?"

आमच्या तिघींत जी सगळ्यात धीट, ती असं म्हणाली.  सकाळी उठून पाहते तर भानू पिशवी भरून, पायांत बूट घालून आमच्या गाडीच्या पायरीवर बसली होती.

"बघतेस काय? चल," ती म्हणाली. "तिच्यासाठी सुकट घेतलीय."

पाडा

वाणगावच्या बाजारात भाजी घेताना भानूने एवढी वांगी, मिरच्या आणि केळी घेतली, की यजमानांनी गाडीच्या मागच्या चाकांकडे काळजीने पाहिलं. तिथल्या बाजारात बोलण्याची एक मजा आहे. भाजीवाली भानूशी मराठीत बोलत होती, शेजारच्या दुकानदाराशी गुजरातीत, आणि स्वतःच्या मुलीशी तिसऱ्याच बोलीत, आणि हे सगळं एका दमात. मला म्हणाली, "तू घे नी ताई, ताजी हाय." या मुलखात पुष्कळ जण सगळ्यांना 'तू' म्हणतात, साहेबालाही आणि देवालाही. नव्यानव्याने शाळेत आले तेव्हा पहिलीतल्या पोराने मला "बाई, तू जेवलीस?" विचारलं होतं आणि मी आधी रागावून मग रडले होते. घर सोडून आल्यापासून तोवर तसं कोणी विचारलंच नव्हतं.

हमरस्ता सोडून आत वळलो तशी घरं बदलत गेली. म्हणजे घरं तीच होती, पण माणसं त्यांच्या बाहेर होती. प्रत्येक अंगणात निळं किंवा पिवळं प्लास्टिक बांबूंवर ताणलेलं, त्याखाली खाट, हंडे, देवाची तसबीर, पोरांची दप्तरं. कुडाची जुनी घरं धडधाकट दिसत होती. विटांच्या नव्या घरांच्या भिंतींवर मात्र दाराच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे गेले होते.

जानकीचं जुनं घर राहिलं नव्हतं. त्या जागी विलासने बांधलेल्या दोन पक्क्या खोल्या होत्या. अंगणात प्लास्टिकखाली एक बाई दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. गाडी थांबली तशी ती उठली. मी उतरले, मागून भानू उतरली. जानकी आमच्याकडे पाहत राहिली. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं, गालांची हाडं वर आलेली. ती चालत आली आणि आधी माझ्या, मग भानूच्या तोंडावरून हात फिरवला, अंधारात वस्तू चाचपतात तसा.

"बाई," ती म्हणाली. "तुम्ही दोघी एकदम कशा आल्या? कोण मेला काय?"

"कोणी नाही मेलं," भानू म्हणाली. "तुला बघायला आलो."

"मग बसा," जानकी म्हणाली, आणि एवढं बोलून पदर डोळ्यांना लावला.

तिची सून सुनीता कामावरून सुट्टी घेऊन घरी होती. तिने गवती चहा घालून चहा केला. तिच्याकडूनच आम्हाला खरं काय ते कळलं. सुनीता आणि विलास दोघंही औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. दिवसभर त्यांची लहान मुलगी परी आजीजवळ. रात्री सगळे प्लास्टिकखाली झोपतात, जानकी सोडून. कोणीतरी जागं पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं होतं. आधी जमीन गुरगुरते, मग हलते, आणि त्या दोहोंच्या मधल्या वेळात पोर उचलायची, हा तिचा बेत. दिवसा पोर सांभाळायची आणि रात्री जमीन. गेल्या आठवड्यात हंडा भरताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती, ती तिने अंगणातल्या प्लास्टिकच्या बांबूत खोचून ठेवली होती.

"गोळी खाल्ली नि मग हालला तर?" जानकी म्हणाली. "मी झोपलेली राहीन नि पोर तशीच."

"आम्ही असतो ना, आई," सुनीता म्हणाली.

"तुम्ही दमून येता. तुम्ही मेल्यासारखे झोपता."

तेवढ्यात कोंबड्या गप्प झाल्या. मला ते नंतर जाणवलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की लांबून जड ट्रक यावा तसा आवाज पायांखालून आला, आणि कपातला चहा थरथरला. मग अंगणच एका बाजूला सरकून परत आल्यासारखं झालं. घरातल्या मांडणीवरची भांडी खणखणली. भानूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आमची गाडी होडीसारखी डोलली आणि थांबली. सगळं मिळून दोन-चार श्वासांचं काम.

मी वळून पाहिलं, तर जानकी परीला छातीशी धरून अंगणाच्या बरोबर मधोमध उभी होती. ती कधी उठली, कधी पोचली, कोणाला दिसलं नाही. परी रडतही नव्हती. तिला सवय झाली होती.

भानूने माझं मनगट सोडलं. ती उठली, जानकीजवळ गेली आणि तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जानकी, आमच्याबरोबर चल. डहाणूच्या किनाऱ्यावर. दोन दिवस झोप. मग येऊन पहारा कर."

"नाय."

मुख्याध्यापिकेचा आवाज लावून झाला, दटावून झालं, समजावून झालं. विलास आला, त्याने सांगून पाहिलं. "आई, मी जागतो. शपथ." जानकी मान हलवत राहिली. कोणी तिच्याकडून काही जबरदस्तीने करून घेऊ शकेल अशी ती कधीच नव्हती.

माझे यजमान तोवर गाडीखाली शिरून काही तपासत होते. ते हात पुसत आले. बायकांच्या बोलण्यात ते सहसा पडत नाहीत. पण त्या दिवशी पायरीजवळ चपला काढून ठेवत ते जानकीला म्हणाले, "वहिनी, आत येऊन बघा तर. याला भिंत नाही, स्लॅब नाही. वरचं छप्पर पातळ पत्र्याचं, आतून गादी लावलेली. अंगावर पडेल असं यात काहीच नाही."

जानकी पोरीला घेऊन आत गेली. छताला हात लावून पाहिला. पलंगावर बसली आणि थोडीशी हलून पाहिलं. परीला पडदा सापडला, ती तो ओढून खिदळायला लागली.

आम्ही बाहेर उभे होतो. तेव्हा सुनीता माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "पोरीला पण न्या, मावशी. पोर डोळ्यांसमोर असली तरच त्या झोपतील."

"तू राहशील तिच्याशिवाय?"

"कधी राहिली नाय." ती गाडीकडे पाहत होती. "पण न्या. मी रविवारी येते घ्यायला."

परीचे दोन फ्रॉक, एक गोधडी आणि पाण्याची बाटली तिने स्वतः पिशवीत भरली. गाडी सुरू झाली तेव्हा ती घराकडे वळली नाही. आम्ही दिसेनासे होईपर्यंत रस्त्यात उभी होती.

डहाणूचा किनारा

घोलवडच्या बाजूने, चिकूच्या वाड्यांमधून जाणारा तो रस्ता मी कोणालाही एकदा करायला सांगेन. झाडं ठेंगणी, गोल, गडद हिरवी, आणि त्यांच्या खाली इतकी गार सावली की आपोआप गाडी हळू होते. मधूनच फटीतून समुद्र दिसतो. आम्ही रस्त्यात नीरा प्यायलो आणि टोपलीभर चिकू घेतले. जानकीने एकही खाल्ला नाही. परीला मांडीवर बांधून ठेवल्यासारखी धरून ती खिडकीतून घरांच्या भिंती पाहत होती. तडा दिसतो का, ते बघत होती.

डहाणूला सुरूच्या बनात यजमानांनी गाडी लावली, या वेळी पक्क्या जमिनीवर. दार उघडलं तर समोर ओहोटीची ओली, चकचकीत, लांबच लांब वाळू आणि तिच्यापलीकडे पाण्याची बारीक रेघ. दुपार व्हायला आली होती. भात आणि सुकटीची चटणी खाऊन परी झोपली. जानकी तिच्या उशाशी बसून राहिली.

"तू पण आडवी हो," मी म्हणाले.

"इथे हालला तर?"

"तर समुद्र हलेल," भानू म्हणाली. "तो रोजच हलतो. त्याची काळजी मी करते."

जानकी जरा हसली. मग तिने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही जाग्या राहाल? खरा सांगा."

"राहू."

"दोघी?"

"दोघी. आणि हेही."

तिने परीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं आणि पत्र्याकडे तोंड करून आडवी झाली. आम्ही बाहेर येऊन खुर्च्यांवर बसलो. थोड्या वेळाने मी जाळीतून डोकावले, तर मूठ सैल झाली होती.

त्यानंतर जी दुपार गेली, ती माझ्या सगळ्या प्रवासांतली सगळ्यात लांब आणि सगळ्यात छान दुपार. शेगडी आत, त्यामुळे चहा नाही. डबे आत, त्यामुळे खाणं नाही. कोणी आत जायचं नाही, दार वाजवायचं नाही. परी उठली, ती चाहूल लागून भानूने खुर्चीवर चढून, जाळी सरकवून तिला खिडकीतून अलगद बाहेर काढलं, मी खालून धरली, आणि जानकीला कळलंसुद्धा नाही. भानू तिला घेऊन पाण्याकडे गेली. लांबवर ती पांढऱ्या केसांची मोठी बाई आणि तिच्या बोटाला धरलेलं ते चिमुकलं माणूस, दोघी वाकून शिंपले वेचत होत्या.

तेवढ्यात बनाच्या टोकाला एक गाडी येऊन थांबली. सहलीला आलेलं गुजराती कुटुंब. त्यांनी चटया पसरल्या आणि मोठ्याने गाणी लावली. मी उठून गेले. मला गुजराती फार येत नाही, मोडक्या हिंदीत म्हणाले, "जरा आवाज कम करेंगे? वहाँ कोई सोया है।"

"बीमार छे?" त्यांच्यातल्या माझ्या वयाच्या बाईंनी विचारलं.

"नहीं. बहुत दिन से सोयी नहीं है। तलासरी की तरफ घर है उनका।"

तलासरी म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. त्यांच्या गावीही धक्के जाणवत होते. त्यांनी मुलाला खूण केली, गाणी बंद झाली. कमी नव्हे, बंद. मुलं बॅट-बॉल घेऊन लांब खाली वाळूवर गेली. अर्ध्या तासाने त्या बाई स्वतः चालत आमच्यापाशी आल्या, थर्मासमधला पुदिन्याचा चहा, तिखट पुऱ्या आणि छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, वाटी घेऊन. हे सगळं खुर्चीवर ठेवलं, जाळीतून आत पाहिलं आणि मला हाताने विचारलं, झोपल्यात? मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते मला कळलं नाही, आणि परत गेल्या.

सूर्य बुडाला तरी जानकी उठली नाही. आम्ही परीला पुरी आणि केळं भरवून आजीशेजारी अलगद सरकवलं. रात्र तिघांनी वाटून घ्यायची ठरवली. आधी यजमान, मग मी, मग भानू.

मला जाग आली ती उजाडताना, मान आखडल्यामुळे. मी खुर्चीतच होते. अंगावर गोधडी होती. शेजारी भानू तोंड उघडं टाकून घोरत होती, तिच्याही अंगावर चादर. यजमान वाळूवर सतरंजीत गुंडाळलेले. आणि गाडीच्या पायरीवर जानकी बसली होती, परीला मांडीवर घेऊन, आमच्या तिघांकडे पाहत.

"कोण जागा होता?" तिने विचारलं.

 भानू उठली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि परिस्थिती तिच्या लक्षात आली. "माझी पाळी होती," ती पडेल आवाजात म्हणाली.

जानकीने ओठ दाबून धरले. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. असं हसताना मी तिला आम्ही पडवीत राहत होतो तेव्हा पाहिलं होतं. "कोणीच नाय जागा होता," ती म्हणाली. "सगळे झोपलेले. नि काय नाय झाला." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच येत राहिलं. भानूने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. परी उतरून वाळूत पळाली. कोणी तिच्यामागे धावलं नाही. जानकीने मान वळवून ती कुठे जाते ते पाहिलं, आणि जाऊ दिलं.

रविवारपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. जानकी जेवायची, पाण्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून उभी राहायची आणि परत झोपायची. भानूने बाजारातून सरंगा, म्हणजे पापलेट, आणला तर जानकीने त्याला आपल्या पद्धतीने नुसतं मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर भाजलं. मासळीचं कोणाला जास्त कळतं, यावर दोघींचं दुपारभर भांडण झालं.

परत

शनिवारी संध्याकाळी यजमान मला पाण्याच्या कडेने फिरायला घेऊन गेले. बरंच पुढे गेलो. मग म्हणाले, "दमणला नाही गेलो तर चालेल तुला?"

"मला चालेल. तुम्हाला?"

"गाडी तिथेच ठेवावी म्हणतो. तिच्या अंगणात. जमीन शांत होईपर्यंत."

मी थांबले. त्या गाडीचा प्रत्येक स्क्रू या माणसाने स्वतः पिळला होता. उजव्या हाताच्या अंगठ्यावर त्याचा व्रण आहे. "पोरं आत चपला घालून जातील," मी म्हणाले. 

"जातील की," ते म्हणाले. पुढे गेले आणि म्हणाले, "सकाळी दार उघडलं की समोर समुद्र. झाले की तीन दिवस."

सुनीता रविवारी पहिल्या बसने आली. परी तिला बिलगली, आणि ती परीला घेऊन वाळूत बसली, ती निघेपर्यंत उठली नाही. गाडी अंगणात राहणार हे जानकीने ऐकलं तेव्हा ती आधी नको म्हणाली, मग भांडली, आणि शेवटी तिने परीची गोधडी घडी करून पलंगावर ठेवली.

पाड्यावर यजमानांनी गाडी अंगणाच्या मधोमध लावली, चाकं हलू नयेत म्हणून त्यांना दगड लावले, गॅसची टाकी काढून बाहेर ठेवली. विलासला दार, जाळ्या, पाण्याची टाकी सगळं दोन-दोनदा दाखवलं. शेजारपाजारची माणसं जमली होती. एका बाईने विचारलं, "माझी तान्ही पण झोपवली तर चालेल काय?" जानकीने यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गाडी तुमची. तुम्ही ठरवा." पलंगावर आडवी घातली तर पाड्यातली बरीच पोरं मावतील, असा हिशेब बायकांनी तिथल्या तिथे केला.

निघताना जानकीने आम्हाला नागलीचं पीठ दिलं. भानूला ती म्हणाली, "तू आता येत जा. दीड तासावर राहते नि परदेशी गेल्यासारखी करते."

"येईन," भानू म्हणाली. "दर महिन्याला. तुझी मासळी तुला निवडता येत नाही, कोणीतरी पाहिजे."

ती खरंच जाते. बुटांसकट.

आम्ही दोघं नाशिकच्या बसमध्ये बसलो. पायांशी दोन पिशव्या, मांडीवर भानूने दिलेले सुके बोंबील. जव्हारच्या घाटात पुढच्या सीटवरच्या माणसाने खिडकी उघडली आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं. यजमान बाहेर पाहत होते. मी त्यांच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं, त्यांनी हात काढून घेतला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मी विलासच्या नंबरवर फोन लावला. फोन सुनीताने उचलला. तिचा आवाज इतका हळू, की मला वाटलं, लाइन खराब आहे.

"जानकीला दे जरा," मी म्हणाले.

"मावशी, संध्याकाळी करा," ती कुजबुजली. "पाड्यातली पोरं नि आई, सगळी गाडीत झोपलीत."